फोटोतली आत्या

आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर दोन फोटो होते. एकात बाबा होते आणि एकात आत्या.

बाबा चार-पाच वर्षांचे असतील. अंगात गडद मखमली कोट, त्यावर बशीएवढी पांढरी कॉलर, गुडघ्यापर्यंतची तुमान, हातात टोपी. केस इतके बारीक कापलेले की डोक्याचा आकार दिसावा. चेहरा असा, की कुणीतरी आत्ताच पुढ्यातलं ताट ओढून नेलंय. आत्याही साधारण तेवढीच. तिच्या अंगात पांढरा फ्रॉक, फुग्याच्या बाह्या, खाली लेस, कमरेला रुंद रिबीन. खांद्यावर कुरळे केस. एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि ती हसत होती. त्या काळच्या फोटोंत मुलं सहसा हसत नाहीत, कारण बराच वेळ न हलता थांबावं लागे. ही मात्र हसली होती, आणि त्यामुळे तिचा डावा गाल जरा हलल्यासारखा, पुसट आला होता.

मागे दोन्हीकडे तोच रंगवलेला पडदा. दगडी कठडा, पलीकडे तळं, तळ्यात एकटाच हंस. खुर्चीसुद्धा तीच.

"एकाच दिवशी नेलं असणार दोघांना," आई म्हणायची.

"मग एकत्र का नाही काढला?" माझा धाकटा भाऊ विचारायचा.

"भांडत असतील तुमच्यासारखे."

ही आत्या लहानपणीच गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही भावंडं तिला फोटोतली आत्या म्हणायचो आणि आई म्हणायची वन्सं. सख्ख्या नणंदेला म्हणावं तसं. आठवड्यातून एकदा ती ओल्या फडक्याने दोन्ही काचा पुसायची. बाबांच्या काचेवरून हात भर्रकन फिरायचा आणि वन्संच्या काचेवरून सावकाश.

बाबा बुकबायंडर होते. खाली कारखाना, वर आम्ही. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मधोमध पुठ्ठे कापायचं टेबल, भिंतीशी लोखंडी दाबयंत्र, खिडकीत खळीचं पातेलं आणि चहूकडे दुसऱ्यांची पुस्तकं. कुणाची वकिलीची, कुणाची शाळेच्या वाचनालयाची, कुणाची फार वाचून खिळखिळी झालेली. बाबा ती उसवायचे, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, पुन्हा शिवायचे, नवा पुठ्ठा चढवायचे. बोलायचे फार कमी. गिऱ्हाईक म्हणालं, "लवकर द्या," तर "वाळेल तेव्हा" एवढं उत्तर. घरीही साधारण तीच तऱ्हा. रागीट नव्हते, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत बादली सोडल्यासारखं होतं. खाली पाणी आहे हे माहीत असायचं, पण दोर पुरेल की नाही याची खात्री नसायची.

त्यांची आई ते लहान असतानाच गेली, वडीलही त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. ते मामाच्या घरी वाढले. तिथून या गावात कामाला आले तेव्हा बरोबर एक ट्रंक होती, आणि ट्रंकेत हे दोन फोटो.

वन्सं आमच्या घरात कशा आल्या, ते आई मोठ्या चवीने सांगायची. लग्न होऊन ती नुकतीच आली होती. घर लावताना तिने ट्रंक उघडली आणि तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेले फोटो तिला सापडले. बाबा म्हणाले, "राहू दे ना तिथेच." आई कसली ऐकते! मोकळ्या भिंती तिला सोसत नव्हत्या. तिने हट्टाने बाबांना स्टुलावर चढवलं. एका हातात हातोडी, एका हातात फ्रेम आणि तोंडात खिळे धरून ते उभे होते.

आईने खालून विचारलं, "ही तुमची बहीण ना?"

बाबा म्हणाले, "हं."

"कुठे असतात आता?"

एव्हाना खिळे भिंतीत गेले होते. बाबा खाली उतरले, स्टूल उचललं आणि म्हणाले, "आता नाही."

"अगं बाई! नाव काय होतं?"

"बाळ. बाळच म्हणायचे सगळे."

आणि खाली निघून गेले. आईला वाटलं, जखम अजून ओली आहे, पुन्हा विचारू नये. तिने पुन्हा विचारलं नाही. उरलेलं सगळं तिने स्वतःच्या मनाने भरून काढलं. ताप आला असणार, दोन-तीन दिवसांचाच, दोघा भावंडांची घट्ट माया असणार, म्हणून तर हे असे मुके झाले. आम्ही मोठे होईपर्यंत हे सगळं 'असणार' गळून पडलं होतं आणि 'होतं' झालं होतं.

आई भरल्या घरातून आली होती. माहेरी बहिणीच बहिणी. इथे नवरा दिवसभर खाली आणि वर ती एकटी. खालून दाबयंत्राचं चाक फिरल्याचा आवाज यायचा, तेवढीच सोबत. मग ती वन्संशी बोलायला लागली. भाजी चिरता चिरता, कपड्यांच्या घड्या घालता घालता. "बघा वन्सं, आज पुन्हा मीठ कमी म्हणाले नाहीत आणि जास्तही म्हणाले नाहीत. कळणार कसं माणसाला?" मी पाळण्यात होते तेव्हापासून हे ऐकत आले, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटायचं नाही. लोकांच्या आत्या चालतात-फिरतात, आमची भिंतीवर असते, एवढाच काय तो फरक.

त्यातून माझे केस कुरळे निघाले. आईचे सरळ, भावाचे सरळ आणि बाबांचे तर डोक्याला चिकटलेले. दर पंधरवड्याला न्हाव्याकडे जाऊन ते केस अगदी बारीक करून येत. मला कुरळे आले कुठून? "वन्संवर गेलीय," आई अभिमानाने सांगायची. "हसते पण तश्शीच. बघा ना." येणारी-जाणारी माणसं फोटोकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि मान डोलवायची. कुणी असं म्हणालं की बाबा पेपर जरा वर धरायचे.

मला ते आवडायचं आणि त्याची भीतीही वाटायची. मी फोटोतल्या आत्याएवढी झाले ते वर्ष मला आठवतं. जरा अंग गरम लागलं की मी घाबरून जायचे. ते वर्ष सरलं, मी तिच्यापेक्षा मोठी झाले, आणि मग ती माझी धाकटी बहीण असल्यासारखी वाटू लागली. तिचं राहून गेलेलं आपण करायचं आहे असंही कधी कधी वाटे. पण ते मी कुणाला बोलले नाही.

शाळा संपली तेव्हा मी म्हटलं, मला खाली काम शिकायचंय. भावाला त्या कामाची आवड नव्हती. त्याला खळीचा वासच सहन होत नसे. मला मात्र तो वास, तो दोरा मेणातून ओढतानाचा आवाज, सगळंच आवडायचं. बाबा नाही म्हणाले.

"खळीत हात घालून बसायचं आयुष्यभर? मुलीचं काम नाही ते. वजन उचलावं लागतं, हमाल येतात, कोण कोण येतं. काहीतरी नीटनेटकं बघ. ऑफिसातलं."

मी वाद घातला, रडले, जेवायला बसले नाही. बाबांचं उत्तर तेच. आई आमच्या दोघांच्या मधे बसून सगळं ऐकत होती. तिने ऐकून घेतलं आणि फोटोकडे बोट दाखवलं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "वन्सं असत्या, आणि त्यांनी म्हटलं असतं मला खाली येऊ दे, तर त्यांनाही हेच सांगितलं असतंत? फ्रॉक घालतेस म्हणून वरच बस?"

बाबांनी कप तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. राग नव्हता तो. कप खाली ठेवून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली डोकावले, तर त्यांच्या टेबलाशेजारी एक बुटकं स्टूल मांडलेलं होतं आणि खुंटीला जाड कापडाचा एक नवा ॲप्रन लटकत होता. बाबांचा नव्हता, माझ्या मापाचा होता.

"आधी नुसतं उसवायला शीक," ते म्हणाले. "शिवणं नंतर."

अशी मी बायंडर झाले. आईने त्या दिवशी वन्संची काच दोनदा पुसली.

पुढे बरीच वर्षं गेली. भाऊ नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला, सुट्टीला यायचा. मी आणि बाबा एकाच टेबलावर समोरासमोर काम करत होतो. हळूहळू जड कामं माझ्याकडे आली आणि बारीक शिवणकाम त्यांच्याकडे राहिलं. मग एके दिवशी कप्तान आले.

कप्तान म्हणजे बाबांचे मामेभाऊ. ज्या मामाच्या घरी बाबा वाढले, त्यांचाच मुलगा. ते कप्तान कधीच नव्हते. बोटीवर इंजिनात तेल घालायचं काम करत त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण आवाज असा होता की जहाजच काय, बंदरसुद्धा हललं असतं. जन्मभर समुद्रावर, त्यामुळे आमच्याकडे कधी येणंच झालं नव्हतं. बाबांनी त्यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगितली असतील नसतील. आता ते निवृत्त झाले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते, आणि आमच्या गावात डोळ्यांचा चांगला डॉक्टर होता.

"बाळ्या!" दारातूनच ओरडले. "आवाजावरून ओळखतो तुला. बाकी मला तू म्हणजे धुक्यातला खांब दिसतोयस."

बाबांना कुणी बाळ्या म्हणताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. बाबा चक्क लाजले.

आठवडाभर कप्तान चाचपडत घरात वावरले, दाराच्या चौकटींवर आपटले, आईला "वहिनी, वहिनी" करत गोष्टी सांगत राहिले. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तो रविवार होता. भाऊही आला होता. कप्तानांना इतका आनंद झाला होता की दिसेल ते मोठ्याने वाचत सुटले. कॅलेंडरवरची तारीख, बिस्किटांच्या डब्यावरचं नाव, बाबांच्या हातातल्या पेपरचे मथळे. वाचत वाचत ते भिंतीपाशी पोचले.

"अरे! हा बाळ्या!" मखमली कोटाच्या फोटोवर बोट. मग त्यांनी दुसऱ्या फोटोकडे मान वळवली, अगदी जवळ जाऊन पाहिलं आणि खदखदून हसायला लागले. "आणि हाही बाळ्या! फ्रॉकातला! अजून लावून ठेवलायस होय रे?"

आई खिडकीशी मटार सोलत होती. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "नाही हो, त्या वन्सं. यांची बहीण. लहानपणीच गेल्या बिचाऱ्या."

"कोण गेल्या?"

"यांची बहीण."

"याला कुठली बहीण?" कप्तान वळले. "माझ्या आत्याला, म्हणजे याच्या आईला, हे एकच. एकुलतं एक. वहिनी, हा बाळ्याच आहे. मी होतो ना तिथे! त्या दिवशी मला पण नेलं होतं फोटोवाल्याकडे."

मी बाबांकडे पाहिलं. पेपर पार डोक्याच्या वर गेला होता.

कप्तानांना काहीच पत्ता नव्हता. ते रंगात येऊन सांगत होते. "तेव्हा सगळ्याच पोरांना फ्रॉक घालायचे हो. मीही घातलाय. सोय असायची. फ्रॉक वर केला की काम झालं, तुमानीच्या गुंड्या कोण सोडत बसणार? पोर वाढलं की खालची दुमड उसवायची, अजून एक वर्ष निघायचं. केससुद्धा कुणी कापायचं नाही. मग शाळेत घालायची वेळ आली की एकदम न्हावी आणि एकदम तुमान. याच्या वडलांनी ठरवलं, आता पोरगा मोठा झाला, कोटातला फोटो काढायचा. आत्या म्हणाली, काढा, पण आधी आहे तसा एक काढा, मला हवाय. म्हणून आधी हा."

"आणि मग?" भावाने विचारलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

"मग शेजारीच न्हावी होता. तिथे नेलं, सगळं डोकं साफ. परत आणलं तर फोटोवाल्याकडे तो कोट. त्या कोटाची तर गंमतच होती! पुढून एकदम राजपुत्र आणि मागून सताड उघडा. पाठीवर नुसत्या नाड्या. कुठल्याही मापाचं पोर आणा, नाड्या आवळल्या की बसला कोट. गावातल्या सगळ्या पोरांचे फोटो त्याच कोटातले. डांबराच्या गोळ्यांचा हा वास! याची पाठ उघडी, डोकं उघडं, थंडी वाजत होती याला. 'माझा फ्रॉक द्या, माझा फ्रॉक द्या' म्हणून अशी भोकाडं! फोटोवाल्याने शिट्टीची चिमणी वाजवून दाखवली, खुळखुळा दाखवला. काही नाही. शेवटी हा जो गप्प झाला, तो रागाने दगडच झाला. हललाच नाही. म्हणून बघा, हा फोटो किती स्वच्छ आलाय."

आईच्या मांडीवरचं भांडं कलंडलं आणि मटार जमिनीवर घरंगळले. कुणी उचलायला वाकलं नाही.

"म्हणजे वन्सं नव्हत्याच?" ती म्हणाली.

बाबांनी पेपर खाली केला. "तोंडात खिळे होते," ते म्हणाले.

"आणि खिळे काढल्यावर?"

"तोवर तू पुढचं विचारायला लागली होतीस."

भाऊ फसकन हसला. मीही हसले असते, पण आईचा चेहरा पाहिला आणि हसू तोंडातच राहिलं.

तिने आदळआपट केली नाही. सगळं रोजच्यासारखं केलं, कप्तानांच्या डोळ्यात वेळेवर थेंब घातले. फक्त त्या भिंतीकडे बघायची नाही. कप्तानांना उशिरा कळलं आपण काय केलं ते. मग ते इतके ओशाळले की दोन दिवस हळू आवाजात बोलले. हे त्यांना किती जड गेलं असेल! दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात बघू म्हणून ते आपल्या गावी परत गेले.

मी आईला विचारलं, "एवढं काय लागलं तुला? बाबांनी काही मुद्दाम फसवलं नाही."

"यांचं नाही काही," ती म्हणाली. ती टॉवेलाची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती. "मला या गावात कोण होतं? मी तिच्याशी किती काय काय बोललेय. तू पोटात होतीस तेव्हाचं, माझ्या आईचं, सगळं. एक माणूस होतं माझं हक्काचं. आता ते नव्हतंच म्हणतात. असं कसं नव्हतं?" मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आणि यांच्या सगळ्या कागाळ्या मी यांच्याचपाशी करत बसले होते गं."

त्यावर मात्र आम्ही दोघी हसलो. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते त्याच टॉवेलाने टिपलं.

खाली कारखान्यात बाबा त्या दिवसांत फार चुका करत होते. एका कोशाचे फर्मे उलटसुलट शिवले, मग स्वतःच उसवत बसले. मी समोर कडा कापत होते.

"मामाच्या घरी मला त्या फोटोवरून फार चिडवायचे," ते आपण होऊन म्हणाले. मी कात्री थांबवली नाही. थांबवली असती तर ते गप्प झाले असते. "सगळी मोठी पोरं. फ्रॉकातली बाळी म्हणायचे. कप्तान पण. त्याला आठवत नसेल आता. म्हणून तो फोटो तळाशी असायचा. टाकून देता येत नव्हता, कारण माझ्या आईने हौसेने काढून घेतला होता तो. त्यानंतर वर्षाच्या आतच ती गेली."

"आणि मग आईने तो भिंतीवर लावला."

"आल्या आल्या. तिला काय सांगणार होतो? तरणा माणूस मी, नवं लग्न. बरं, नंतर सांगावं म्हटलं, तर तोवर त्या वन्संशी तिची गट्टी जमलेली. दुपारी मी खालून ऐकायचो, वर बोलणं चाललंय. बरं वाटायचं. म्हटलं, असू दे. मी काही तिच्याशी तेवढं बोलत नव्हतो."

"आणि मी खाली यायचं म्हटलं तेव्हा?"

बाबांनी सुई टेबलावर ठेवली.

"तेव्हा तिने विचारलं ना, वन्संना वर बसवलं असतंत का म्हणून. मी काय उत्तर देणार? तो फ्रॉक माझ्याच अंगावर होता. न्हाव्याकडे जायच्या आधी आणि जाऊन आल्यावर, दोन्ही वेळा मी तोच होतो. हात तेच. मग तुझे हात वेगळे कसे म्हणू?" त्यांनी सुई पुन्हा उचलली. "शिवाय तू हसतेस ते मला बघवायचं नाही कधी कधी. आरसा दाखवल्यासारखं व्हायचं."

मी आयुष्यभर स्वतःला एका मेलेल्या मुलीची सही-सही नक्कल समजत आले होते. तिचं उरलेलं जगायला आलेली. आणि माझं तोंड ज्यांच्यावर गेलं होतं ते माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, ॲप्रनला खळ लावून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, केस जरा वाढवा ना."

"वेडी आहेस का," ते म्हणाले. पण त्या पंधरवड्यात न्हाव्याकडे गेले नाहीत.

आईनेच पुढे बोलणं काढलं. संध्याकाळी बाबा वर आले, हात धुऊन बसले. आई त्यांच्यासमोर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी तिने फोटोकडे पाहिलं.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही असे हसायचात?"

बाबांनीही मान वर करून फोटोकडे पाहिलं.

"इतकी वर्षं झाली, मी नाही पाहिलं कधी असं. कशाला हसत होतात एवढं?"

"आई तोंडं करून दाखवत होती," बाबा म्हणाले. "कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून 'हलू नको, हलू नको' ओरडत होता, आणि त्याच्या पाठीमागे ती. त्याला पत्ताच नव्हता."

"कशी तोंडं?"

"आता काय सांगू कशी."

"करून दाखवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, जणू एखादं गिऱ्हाईक वर येईल. मग त्यांनी गाल फुगवले, डोळे नाकाच्या शेंड्यावर आणले आणि दोन्ही कान हातांनी पुढे ओढले. एवढे वयस्क, गंभीर गृहस्थ, बोटांच्या पेरांत सुकलेली खळ, आणि ते तोंड! त्यांनी गाल फुटल्यासारखा आवाजही काढला. तोही तिचाच असणार.

आईने आधी तोंडाला पदर लावला. मग हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून, खुर्चीच्या हातावर डोकं टेकून हसली. तिचं बघून बाबा हसले. अगदी तसेच. मी पाहिलं आणि आईनेही पाहिलं. ती एकदम थांबून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आहात की तुम्ही."

त्यानंतर आईचं दुपारचं बोलणं भिंतीशी राहिलं नाही. कधी ती मटार, भाजी, जे काही निवडायचं असेल ते घेऊन खाली यायची आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसायची. बाबा पूर्वीसारखेच कमी बोलायचे, पण ती विचारायची आणि त्यांना उत्तर द्यावं लागायचं. आता त्यांच्या तोंडात खिळे असले तर ती आधी ते काढायला लावायची. सासूबाई उंच होत्या का? गाणं म्हणायच्या का? रागावायच्या का? बाबांना बरंचसं आठवत नव्हतं. जे आठवायचं ते ते दोन-दोन दिवसांनी एकेक सांगायचे, बहुतेक काम करता करता शोधून काढत असावेत.

मध्यंतरी आम्हाला कातडी आणायला बाजारापलीकडच्या दुकानात जायचं होतं. जाड कोशांच्या पाठीला लागते ती. एरवी मी एकटीच जाते, पण त्या दिवशी बाबा म्हणाले, मीही येतो. निघालो तेव्हा उन्हं कलली होती. रस्ता ओलांडायला आम्ही कोपऱ्यावर थांबलो, गाड्यांची रांग संपत नव्हती.

"माझी आई रस्ता ओलांडताना माझा हात धरायची नाही," बाबा म्हणाले. "तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या. मग ती मला पुढे चालायला लावायची आणि मागून गुडघ्याने ढकलायची. असं, हळू. मला वाटायचं मीच तिला नेतोय."

रस्ता मोकळा झाला, तरी आम्ही तिथेच होतो. मग रस्त्याकडेच्या कठड्यापाशी एक बाक होता तिथे जाऊन बसलो. ते तिच्या पिशव्यांबद्दल सांगत होते, पिशव्यांत काय असायचं, त्यातलं काय त्यांना मिळायचं, ती कुठल्या दुकानदाराशी हुज्जत घालायची आणि कुठल्याशी गोड बोलायची. मी मधे मधे "मग?" म्हणत होते. समोरच्या दुकानांचे दिवे लागले.

कातड्याच्या दुकानापाशी पोचलो, तर दुकानदार फळ्या लावत होता.

"आत्ता येताय होय?" तो म्हणाला. "उद्या या."

"उद्या येतो," बाबा म्हणाले, आणि परत फिरताना ते पुन्हा पिशव्यांवर आले.